अन्नशास्त्रज्ञाची संशोधन-कारकीर्द जोखायची कशी? सायटेशनच्या पलीकडे काय बघता?

अर्धविराम
एका अन्नशास्त्रज्ञाचं प्रोफाइल समोर आहे असं धरा. पेपर २६०, सायटेशन (इतर पेपरांत आलेले त्यांचे संदर्भ) १२,०००, एच-इंडेक्स ५२, हाताखालून पीएचडी झालेले तीसेक, पेटंट चार, दोन जाडजूड ग्रंथांचं संपादन. प्रश्न एवढाच, की या माणसामुळे अन्नविज्ञानात काय बदललं हे यातून कळतं का? कळत नसेल तर कुठे बघायचं?

गौरवपर लेखांत प्रत्येक जण 'अग्रगण्य' असतो, त्यामुळे तिकडून काही हाती लागत नाही. माझा कयास असा, की या विषयात आकडे जरा जास्तच चकवतात. एकाच विभागात एक जण स्निग्ध पदार्थांचं रसायन करतो, शेजारचा उष्णतावहनाची गणितं सोडवतो, तिसरी व्यक्ती चव घेणाऱ्यांचं पॅनल चालवते. तिघांना एकाच तराजूत कसं घालणार? इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत. नुसतं 'सहमत' नको, खोलात जाऊन लिहा.

शंकासुर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. वॉटर ॲक्टिव्हिटी (पदार्थातलं मोकळं, वापरता येणारं पाणी, ० ते १ या मापावर) ०.३ च्या आत आहे आणि डबा घट्ट आहे, धागा लांबला तरी मऊ पडणार नाहीत.

मोजपट्टी
आधी आकड्यांचंच बोलू, कारण ते अगदीच टाकाऊ नाहीत. एच-इंडेक्स हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. ५२ म्हणजे किमान ५२ पेपर असे, की प्रत्येकाला किमान ५२ सायटेशन. त्याच पेपरात त्याने असंही नोंदवलं, की एकूण सायटेशन साधारणपणे एचच्या वर्गाच्या ३ ते ५ पट भरतात. तुमच्या उदाहरणात ५२ चा वर्ग २,७०४. १२,००० ला त्याने भागलं की ४.४. म्हणजे काही वावगं नाही. हाच भागाकार १२-१५ आला, तर एक-दोन पेपरांनीच सगळा डोलारा उचललाय असं समजायचं. ते पेपर बहुधा एखाद्या पद्धतीचे किंवा रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचे आढावे) असतात.

पुढचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नये. स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन वगळा. रिव्ह्यू वेगळे काढा. आकडा कुठून घेतला ते लिहा, कारण त्याच माणसाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर सहसा स्कोपस या निवडक जर्नलांच्या डेटाबेसपेक्षा जास्त दिसतो. गूगल प्रबंध, परिषदांचे अहवाल, सगळंच गोळा करतं. नावाचे घोळ तपासा: एकाच आडनावाचे आणि आद्याक्षराचे दोघे एका प्रोफाइलमध्ये मिसळलेले असतात, नाहीतर लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे पेपर भलत्याच खात्यावर पडलेले असतात. ऑर्किड (ORCID) या संशोधक-नोंदणीचा १६ अंकी क्रमांक असेल तर तिथून सुरुवात करा.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस मोजणं मात्र कटाक्षाने टाळा. तो म्हणजे जर्नलच्या पेपरांना मिळालेली सरासरी सायटेशन, आणि तीही मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांवर काढतात. टिकवणकालाचा एक प्रयोगच वर्ष-दीड वर्ष चालतो. आज छापलेल्या पद्धतीवर कोणी असा प्रयोग लावला, तर त्याचा पेपर येईपर्यंत ती खिडकी बंद झालेली असते.

निळू दर्यावर्दी
मोजपट्टींनी 'पद्धतीचे पेपर' म्हटलंय, त्यावर लिहितो. अन्नविज्ञानाशी संबंधित सर्वाधिक सायट होणाऱ्या पेपरांत ब्लाय आणि डायर यांचा १९५९ चा पेपर येतो. माशाच्या ऊतीतून स्निग्धांश काढण्याची झटपट पद्धत. मूळ कृती अशी: १०० ग्रॅम ऊती, त्यात १०० मिली क्लोरोफॉर्म आणि २०० मिली मिथेनॉल, दोन मिनिटं ब्लेंडर. मग आणखी १०० मिली क्लोरोफॉर्म, ३० सेकंद. मग १०० मिली पाणी, पुन्हा ३० सेकंद. गाळा, थर वेगळे होऊ द्या, खालचा क्लोरोफॉर्मचा थर घ्या.

सगळी खुबी प्रमाणात आहे. ऊतीत सुमारे ८० टक्के पाणी धरलेलं आहे, म्हणून पहिल्या टप्प्यात क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, पाणी १:२:०.८ असे येतात आणि तिघांचा एकच द्रव बनतो. शेवटी २:२:१.८ झाल्यावर तो फुटतो. आता हीच पद्धत कोणी वाळवलेल्या पावडरवर लावली आणि कमी पडलेलं पाणी वरून घातलं नाही, तर पहिला टप्पा बिघडतो. शिवाय पद्धत बसवली होती कमी चरबीच्या माशावर. २००१ मध्ये जास्त द्रावक वापरणाऱ्या फोल्च पद्धतीशी तुलना झाली, तेव्हा २ टक्क्यांपेक्षा जास्त स्निग्धांश असलेल्या नमुन्यांत ही पद्धत कमी आकडा देते, आणि चरबी वाढेल तशी तूट वाढते, असं दिसलं. तेलकट माशांसाठी द्रावक वाढवावा लागतो.

मुद्दा असा, की या पेपरची हजारो सायटेशन हा खराच प्रभाव आहे, पण त्यातल्या किती जणांनी तो उघडून वाचलाय हे आकडा सांगत नाही. 'ब्लाय-डायर पद्धतीने, किंचित बदल करून' असं वाक्य दिसलं की तो बदल कोणता हे शोधायला जा. बहुतेकदा लिहिलेलाच नसतो.

मंदाकिनी
निळूभाऊ, तुमचं उदाहरण तरी सोज्वळ आहे. अँटिऑक्सिडंटवाल्यांकडे बघा.

फोलिन–सिओकाल्टो पद्धत, सिंगल्टन आणि रॉसी, १९६५. मुळात वाइनमधल्या फिनॉलिकांसाठी (अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवली जाणारी वनस्पतींतली संयुगं). पण हा अभिकारक फिनॉल ओळखत नाही, इलेक्ट्रॉन देऊ शकणाऱ्या कशाशीही त्याची क्रिया होते. ॲस्कॉर्बिक ॲसिड, सल्फाइट, क्षपणकारी शर्करा, काही अमिनो आम्लं, सगळ्यांनी निळा रंग चढतो. फळाच्या रसात 'एकूण फिनॉलिक' म्हणून जो आकडा छापतात त्यात क जीवनसत्त्वाचा वाटा किती, हे वेगळं न काढता दोन रसांची तुलना करणं व्यर्थ. क्रमालाही महत्त्व आहे: आधी नमुना आणि अभिकारक, नीट ढवळायचं, मग आठ मिनिटांच्या आत सोडियम कार्बोनेट, मग खोलीच्या तापमानाला सुमारे दोन तास, आणि ७६५ नॅनोमीटरला वाचन. कार्बोनेट आधी घातलं तर अल्कधर्मी द्रावणात अभिकारकच मरतो आणि आकडा खाली येतो.

डीपीपीएच या रंगीत मुक्त-मूलकाचा रंग अँटिऑक्सिडंट किती उतरवतो ते मोजतात, त्या चाचणीची कथा अजून मजेची. जो तो ब्रँड-विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा पेपर सायट करतो. त्या पेपरात ५१५ नॅनोमीटरला क्रिया पठारावर येईपर्यंत थांबायचं आहे, कारण काही संयुगं मिनिटभरात संपतात आणि काहींना तास लागतात. उत्तरही अँटिऑक्सिडंटचे मोल दर मोल डीपीपीएच असं द्यायचं आहे. सायट करणारे काय करतात? ३० मिनिटांनी एक वाचन, आणि आयसी-५० (निम्मं डीपीपीएच संपवणारी मात्रा) मायक्रोग्रॅम दर मिलीमध्ये. सुरुवातीला डीपीपीएच किती घेतलं यावर तो आकडा हलतो, म्हणजे दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत.

अशा पेपरांवर उभी असलेली सायटेशन ही फॅशनची सायटेशन. ओरॅक आठवा, अँटिऑक्सिडंट-क्षमता मोजणारी आणखी एक चाचणी. अमेरिकी कृषी खात्याने पदार्थांच्या ओरॅक मूल्यांची यादी ठेवली होती आणि २०१२ मध्ये काढून टाकली. कारण दिलं ते असं, की या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि जाहिरातींत गैरवापर होतोय. त्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या पेपरांची सायटेशन मात्र जागच्या जागी आहेत.

चौकटराजा_२
मंदाकिनीताई, जरा एकांगी होतंय. स्वस्त, कुठेही करता येणारी पद्धत म्हणून फोलिनचं मोल मोठं आहे. एकाच पदार्थाच्या दोन प्रक्रियांची तुलना करायला ती पुरते. दोष वापरणाऱ्याचा. सिंगल्टनच्या नावे का टाकता?

मंदाकिनी
चौकटराजा, सिंगल्टनच्या नावे टाकतच नाही. अडथळा आणणाऱ्या घटकांबद्दल त्यांनी स्वतःच सविस्तर लिहिलं आहे. माझा रोख त्यांच्यानंतरच्या प्रोफाइलांवर आहे: पन्नास वनस्पती, पन्नास अर्क, त्याच तीन चाचण्या, पन्नास पेपर.

शंकासुर
आणि पन्नासही निष्कर्षांत 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंटचा आश्वासक स्रोत'. आश्वासनं पाळली असती तर आपण सगळे अमर झालो असतो.

आठवा स्वर
उलटी बाजू कोणी मांडली नाही म्हणून मांडतो. ज्यांचा प्रभाव सर्वांत मोठा, त्यांना कोणी सायट करत नाही.

डबाबंद अन्न घ्या. प्रेस्कॉट आणि अंडरवुड यांनी १८९० च्या दशकात दाखवलं की डबे फुगतात ते उष्णतेला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे. १९२० मध्ये बिगेलो आणि सहकाऱ्यांनी उष्णतेचा वेध डब्याच्या आत घेतला. १९२२ मध्ये एस्टी आणि मेयर यांनी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू किती तापमानाला किती वेळ तग धरतात ते मोजलं. १९२३ मध्ये बॉलने हिशोबाची रीत दिली. आज कुठलाही प्रक्रिया-तंत्रज्ञ १२१.१ अंश सेल्सियसला डी-व्हॅल्यू (बीजाणू एक दशांशावर यायला लागणारा वेळ) ०.२१ मिनिटं, झेड-व्हॅल्यू (डी दहापट बदलवणारा तापमानातला फरक) १० अंश धरतो. अशी एक दशांशाची घट बारा वेळा हवी: १२ गुणिले ०.२१, म्हणजे २.५२ मिनिटं. व्यवहारात एफ-शून्य (१२१.१ अंशांच्या हिशोबात मिळालेली एकूण मिनिटं) किमान ३. यात तो एस्टी-मेयर सायट करत नाही, नियमावली सायट करतो. समाजशास्त्रज्ञ मर्टनने याला नाव दिलेलं आहे: ज्ञान इतकं अंगवळणी पडतं की मूळ नाव गळून जातं.

झेड १० चा व्यवहारात अर्थ काय? तापमान १० अंशांनी घसरलं तर २.५२ ची २५ मिनिटं होतात. थर्मामीटर फक्त एक अंश जास्त दाखवत असेल, तरी ठरलेल्या वेळेत मिळणारी मारकता ७९ टक्क्यांवर येते. म्हणून डब्यातला सर्वांत उशिरा तापणारा बिंदू शोधण्यात चूक झाली की बाकी गणित कितीही अचूक असलं तरी वाया.

आणखी एक. १९२२ च्या आकडेवारीवरून काढलेली वेळ होती २.७८ मिनिटं. प्रयोगातल्या बीजाणूंच्या नळ्या तापायला लागणारा वेळ हिशोबात धरून १९३८ मध्ये ती २.४५ वर आणली गेली, आणि त्या दुरुस्तीच्या लेखकांत एस्टी स्वतः आहे. सोळा वर्षांनी आपलाच आकडा दुरुस्त करणारा पेपर एच-इंडेक्समध्ये एका पेपराएवढाच मोजला जातो.

मोजपट्टी
+१०० आठवा स्वर. याच माळेत मेरी एंगल पेनिंग्टन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी कृषी खात्याची अन्न-संशोधन प्रयोगशाळा त्यांनी चालवली. कोंबड्या, अंडी, दूध शीतसाखळीत कसं ठेवायचं, बर्फाच्या रेल्वे-डब्यांत हवा कशी खेळवायची, हे त्यांचं काम. त्याचं फलित मानकांत आणि डब्यांच्या बांधणीत गेलं. स्कोपसमध्ये शोधून काय मिळणार?

कोपऱ्यातला वाचक
उशिरा उजेडात येणाऱ्यांचं काय? माइयार १९१२ चा. शर्करा आणि अमिनो आम्लं तापवली की तपकिरी होतात हे त्याने फ्रेंचमध्ये छापलं. अन्नविज्ञानाने ते खऱ्या अर्थाने हाती घेतलं ते जॉन हॉजने १९५३ मध्ये सगळ्या क्रियांचा एक आराखडा मांडल्यावर. तो आराखडा पाठ्यपुस्तकांत अजून चालतो. इकेदांनी १९०८ मध्ये समुद्री केल्पच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं केलं, उमामी हे नाव दिलं, पेपर जपानीत. त्याचं इंग्रजी भाषांतर एका जर्नलने छापलं २००२ मध्ये! त्याच सुमारास जिभेवरच्या ग्राहींचा शोध लागत होता. यांचा दहा वर्षांनी एच-इंडेक्स काढला असता तर दोघांनाही बढती मिळाली नसती.

चौकटराजा_२
मान्य, पण हे अपवाद. प्रत्येक दुर्लक्षित पेपर म्हणजे झोपलेला इकेदा नव्हे. बहुतेक पेपर झोपलेले नसतात, गेलेले असतात.

रानवारा
अवांतर: वॉटर ॲक्टिव्हिटीचा उल्लेख पॉपकॉर्नपुरता झाला म्हणून लिहितो. स्कॉटने १९५३ मध्ये दाखवलं की स्टॅफिलोकॉकसची वाढ पदार्थातल्या एकूण पाण्यावर नाही, वॉटर ॲक्टिव्हिटीवर ठरते. आज अमेरिकी नियमांत ०.८५ आणि पीएच ४.६ या दोन रेघा आहेत, त्यातली पहिली याच वाटेने आली. पण मोजणारे गोंधळ घालतात. संपृक्त मिठाच्या द्रावणावर यंत्र तपासा, २५ अंशांना ०.७५३ यायला हवं. लिथियम क्लोराइडवर ०.११३. एकाच टोकाला तपासून भागत नाही. नमुना कोठडीपेक्षा गरम असेल तर वाचन चुकीचं वर जातं, आणि आरशावर दव धरणाऱ्या यंत्रात अल्कोहोल किंवा व्हिनेगर असलेला नमुना ठेवला तर तेही आरशावर धरतं, मग वाचनावर भरवसा नाही. पेपरात तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

शंकासुर
विषयावर या हो. (माझा डबा २५ अंशांवर आहे, नोंद घ्यावी.)

बिनचूक बने
विषयावर येतो. प्रोफाइल फुगवायची सर्वांत सोपी रीत म्हणजे ऑप्टिमायझेशनचे, प्रक्रियेची सर्वांत चांगली स्थिती शोधणारे पेपर. तीन घटक घ्या: तापमान, वेळ, द्रावकाचं प्रमाण. बॉक्स-बेंकन हा थोड्या प्रयोगांत भागवणारा आराखडा लावा, १२ कडांचे बिंदू आणि ५ मध्यबिंदू, एकूण १७ रन. द्विघाती समीकरणाला १० सहगुणक लागतात. उरल्या ७ मुक्तमात्रा (रन वजा सहगुणक), त्यातल्या ४ शुद्ध त्रुटीला आणि ३ समीकरण न जुळण्याच्या चाचणीला. इतक्या थोड्या बिंदूंवर आर-वर्ग (समीकरण आकड्यांशी किती जुळतं ते, जास्तीत जास्त १) ०.९८ आला तर नवल ते काय? न जुळण्याची चाचणी सार्थ आलीय का, इष्टतम बिंदूवर पुन्हा प्रयोग केलाय का, आणि तो बिंदू आराखड्याच्या कडेवर तर बसलेला नाही ना, हे पाहा. कडेवर असेल तर इष्टतम अजून सापडलेलाच नाही, फक्त पल्ला संपलाय. मग कच्चा माल बदला, पुढचा पेपर. २६० पेपरांत असे किती, हे मोजायला एक दुपार पुरते.

मंदाकिनी
बने, हे छापून भिंतीवर लावायला हवं. उद्योगातल्या लोकांबद्दलही कोणीतरी लिहा.

निळू दर्यावर्दी
लिहितो. अलिना श्चेस्नियाक. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम, जनरल फूड्समध्ये. १९६३ मध्ये पोताचं वर्गीकरण आणि पोत-आलेख मांडला: कठीणपणा, एकसंधता, लवचिकपणा, चिकटपणा वगैरे. त्याआधी पोत म्हणजे 'चांगला' किंवा 'वाईट' एवढंच. बोर्नने पुढे ते दोनदा दाबण्याच्या चाचणीच्या रूपात सार्वत्रिक चाचणी-यंत्रावर बसवलं. आज त्याच आकृतीवर जगभर आलेख निघतात.

तिथेही तीच गत. दाब किती टक्के, वेग किती, दोन दाबांत थांबा किती, नमुन्याची उंची किती, हे न लिहिता आकडे छापतात. आणि गमीनेस व च्युइनेस ही चघळण्याच्या श्रमाची दोन मापं एकाच तक्त्यात. गमीनेस अर्धघन पदार्थांसाठी, च्युइनेस घन पदार्थांसाठी. एकच पदार्थ एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही, पण सॉफ्टवेअर दोन्ही काढून देतं म्हणून दोन्ही छापायचे.

आठवा स्वर
सामूहिक कामाचं श्रेय हाही गुंता आहे. इन्फोजेस्ट ही कृत्रिम पचनाची पद्धत २०१४ मध्ये आली, दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये. तोंडात दोन मिनिटं, जठर पीएच ३ ला दोन तास, आतडं पीएच ७ ला दोन तास. पेप्सिन २,००० एकक दर मिली, पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडाची पाचक विकरं) मात्र ट्रिप्सिनच्या सक्रियतेवर मोजून १०० एकक, पित्त १० मिलिमोलर. तिच्यामागे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांची वर्षांची देवाणघेवाण आहे. आधी प्रत्येकाचं 'जठर' वेगळं होतं, कोणाचेच आकडे जुळत नव्हते. लेखकांच्या रांगेत विसाव्या नावाने नेमकं काय केलं? क्रेडिट नावाची १४ भूमिकांची वर्गवारी असते, पेपराच्या शेवटी ती वाचा. 'पद्धत' आणि 'पडताळणी' समोर कोणाची नावं आहेत ते बघा. 'निधी मिळवणे' एवढीच भूमिका सगळीकडे दिसत असेल तर तोही एक निष्कर्षच.

अर्धविराम
इतकं येईल असं वाटलं नव्हतं. पण आता प्रत्यक्षात करू काय? २६० पेपर वाचणं शक्य नाही.

मोजपट्टी
२६० कशाला? सर्वाधिक सायटेशनचे दहा घ्या, त्यात रिव्ह्यू नकोत. दर पेपरामागे त्याला सायट करणारे वीस निवडा, पण सलग नको: पहिल्या पाच वर्षांतले काही, अगदी अलीकडचे काही. प्रत्येकात ज्या वाक्यात उल्लेख आहे तेवढं वाक्य वाचा. प्रास्ताविकातल्या कंसातल्या सहा नावांपैकी एक असेल तर शून्य. पद्धत जशीच्या तशी वापरली असेल तर एक. बदलून वापरली आणि का बदलली ते सांगितलं असेल तर दोन. निष्कर्ष पुन्हा तपासला, खोडला किंवा पुढे नेला असेल तर तीन. गुण माझे, हवे तर बदला. दोनशे वाक्यं, दोन-तीन दिवसांचं काम. सोबत मागे घेतलेल्या पेपरांची यादीही तपासा, तो शोध पाच मिनिटांचा असतो.

मग डेटाबेसबाहेर जा. आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या समित्यांची कागदपत्रं, विश्लेषण-पद्धती प्रमाणित करणाऱ्या एओएसी या संस्थेच्या अधिकृत पद्धती, पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांखालची बारीक ओळ. एओएसीची पद्धत अधिकृत होण्याआधी साधारणपणे अनेक प्रयोगशाळांत एकच नमुना फिरवून आकडे जुळतात का ते पाहिलेलं असतं. तिथे ज्याचं नाव लागलं त्याचं काम दुसऱ्यांच्या हातात चाललेलं आहे.

बिनचूक बने
चार पेटंटांचंही बघा. अर्ज आणि मंजुरी वेगळी. मंजूर असेल तर नूतनीकरणाचं शुल्क भरलं जातंय का ते नोंदवहीत दिसतं. मुदत अर्जापासून २० वर्षं, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षीच शुल्क थांबलं असेल तर बहुधा कोणी विकत घेणारा मिळालेला नाही. दहा वर्षांनंतरही कोणीतरी पैसे भरतंय, तर ती प्रक्रिया कुठल्यातरी कारखान्यात चालू असण्याची शक्यता बरी.

कोपऱ्यातला वाचक
आणि ते तीस विद्यार्थी? त्यांतले किती जण गुरूच्या नावाशिवाय पेपर छापतात, तेही काढता येतं.

अर्धविराम
काढतो. आधी मोजपट्टींची दोनशे वाक्यं. तक्ता तयार झाला की इथेच टाकेन, नावं झाकून.